पहिलं टोक सोडलं नाही

मी आकडा बोलतोय. वीजचोरीचा आकडा. खांबावरच्या उघड्या तारेत अडकवतात ना, तोच. मला जन्माला घालायला कारखाना लागत नाही. तारेचा एक तुकडा, एक पक्कड आणि पाच मिनिटं पुरतात. मग मागे लांब वायर जोडायची, काठीने उचलून तारेवर टांगायचं, की घरात उजेड.

मला धाकट्याने बनवलं. पाचवीत शाळा सोडलेला, गॅरेजमध्ये काम करणारा, डोक्याने गरम. त्याचा थोरला भाऊ वीज खात्याच्या ठेकेदाराकडे लाइनमन होता. दिवसभर तो लोकांचे आकडे काढायचा आणि त्यांच्या शिव्या खायचा. तारेच्या ज्या तुकड्यापासून मी झालो तो त्याच्याच पिशवीतला. वहिनीने तो कपडे वाळत घालायला मागून घेतला होता.

संध्याकाळी थोरला घरी आला आणि त्याने मला बघितलं.

"हे काय आहे?"

"आकडा."

"ते दिसतंय मला. दिवसभर हेच तोडतो मी. आता घरी येऊन स्वतःचाच तोडू?"

"मग मीटर आण. तू तर खात्यातला माणूस."

मीटरसाठी थोरल्याने दोनदा अर्ज केला होता. एक साहेब म्हणाले, जागेचा कागद आणा. जागेचा कागद देणारे म्हणाले, विजेचं बिल आणा. दोन खिडक्यांच्या मधे दोन वर्षं गेली होती. आतल्या खोलीत आई खोकत होती. तिला दमा होता आणि थंडी सुरू झाली होती.

थोरल्याने मला हातात घेतलं. माझं वळण सारखं केलं, जोडावर चिकटपट्टी गुंडाळली. "बनवायचा तर धड तरी बनवायचा," एवढंच म्हणाला. तेव्हा मला अभिमान वाटला होता. आज त्या अभिमानाची किळस येते.

आमच्या वस्तीला दोन गल्ल्या. पुढच्या गल्लीची तार एका डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, आलेली, मागच्या गल्लीची दुसऱ्या. वस्तीने यातून आपली सोय काढली होती. प्रत्येक घराचे दोन आकडे, एक पुढच्या तारेवर, एक मागच्या, दोन्ही कायम वर. दोघांची टोकं घरात बोर्डापाशी. पुढची लाइन गेली की तिचं टोक सोडायचं आणि मागचं जोडायचं. मी पुढच्या तारेवरचा.

थोरल्याला ही रीत कळली तेव्हा त्याने धाकट्याचा कान धरला.

"आधी सोडायचं, मग जोडायचं. दोन्ही एकत्र राहिली तर मागची वीज आपल्या घरातून उलटी पुढच्या तारेत चढेल. वर कोणी काम करत असला तर त्याचा कोळसा होईल."

"कळलं रे दादा. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

त्या वर्षी थंडी हटायचं नाव घेईना. घराघरांत विजेच्या शेगड्या आल्या, बादल्यांत पाणी तापवायच्या कॉइल आल्या. शिंपीकाकांनी दुकानात इस्त्री तर ठेवलीच, वर पायाशी एक शेगडी ठेवली. तीस घरांसाठी बसवलेल्या डीपीवर दोनशे घरं लटकली होती. सकाळी ती दुखणेकऱ्यासारखी कण्हायची. मी स्वतः इतका तापायचो की माझ्यावरची चिकटपट्टी वितळून गळायची. लाइन गेली की लोक खात्याच्या नावाने बोटं मोडायचे. आपली शेगडी बंद करावी असं कोणाला वाटलं नाही. शेजाऱ्याने करावी असं प्रत्येकाला वाटायचं.

त्या दिवशी सकाळी साडेसातला पुढची लाइन गेली. खांबावरचा तारेचा जोड जळाला होता. दुरुस्तीला थोरलाच आला. त्याने डीपीचा स्विच खाली ओढला, स्वतः दोनदा तपासला. मग गल्लीतून ओरडत गेला, "अर्धा तास लागेल. कोणी काही जोडू नका."

"तुझा अर्धा तास का खात्याचा?" शिंपीकाका म्हणाले.

"काका, तुमच्या इस्त्रीनेच जोड जाळलाय. जरा दमानं घ्या."

लोक हसले. काकाही हसले.

काम सुरू करण्याआधी बंद तारेला जमिनीशी जोडणारी एक साखळी टाकतात. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जाते, माणसात नाही. थोरल्याने ठेकेदाराला फोन करून साखळी मागितली. तिकडून उत्तर आलं, "दुसऱ्या टोळीकडे आहे. आज चार डीपी बंद पडल्यात. लाइन बंद केलीस ना? मग चढ." सगळ्या भागाला मिळून ती एकच साखळी होती. थोरला चढला.

घरात धाकट्याला उशीर होत होता. मालकाने आदल्या दिवशीच दम दिला होता. बादलीतलं पाणी बर्फासारखं. आई पांघरूण घेऊन झोपली होती. वहिनी नळावर गेली होती. धाकट्याने बोर्डाकडे बघितलं. मेलेल्या तारेचं टोक काय सोडायचं, असं त्याला वाटलं असेल. त्याने माझं टोक तसंच ठेवलं आणि मागचं त्याच्यावरच गुंडाळलं.

वीज माझ्यात मागून शिरली. आजवर मी ती तारेतून घरात आणत आलो होतो. त्या दिवशी घरातून तारेत नेली. थांबवायला मला हात नाहीत. माझ्यापासून तिसऱ्या खांबावर थोरला होता.

गल्लीतले सगळे दिवे एक क्षण मिणमिणले. "आली, आली," लोक म्हणाले. मग कोणीतरी वर बघितलं.

तो कमरेच्या पट्ट्याला लटकत होता.

त्याला खाली उतरवून गाडीत घालेपर्यंत वस्तीतल्या सगळ्या काठ्या बाहेर निघाल्या होत्या. तासाभरात एक आकडा वर राहिला नाही. साहेब पाहणीला आले तेव्हा तार इतकी स्वच्छ होती की नवी वाटावी. मला धाकट्याने आईच्या खाटेखाली ट्रंकेमागे कोंबलं. शिंपीकाका त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गेला तो गेला बाबा. तू तोंड उघडलंस तर दोनशे घरं अंधारात."

खात्याचा अहवाल तीन ओळींचा होता. साखळी न टाकता काम केलं. मयताचा स्वतःचा हलगर्जीपणा.

वहिनीने तो कागद घडी करून ठेवला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारायची, "चार वर्षांत ते हातमोजेसुद्धा कधी विसरले नाहीत. मग असे कसे वागले?" लोक चहाचा कप खाली ठेवायचे आणि निघायचे. धाकटा कोपऱ्यात बसून ऐकायचा. जेवायचा नाही. एकदा त्याने बोर्डावर इतक्या जोरात मूठ मारली की बोटं फुटली.

दहाव्या दिवशी त्याने मला बाहेर काढलं आणि वहिनीच्या समोर फरशीवर ठेवलं.

"दादाने लाइन बंद केली होती. मी चालू केली. पहिलं टोक सोडलं नाही."

वहिनीने हळू विचारलं, "आईंचं दम्याचं वाफेचं मशीन लावायचं होतं का?"

खाटेवरून आई लगेच म्हणाली, "हो गं. मला धाप लागली होती. मीच म्हटलं त्याला, जोड."

उरलेल्या एका मुलासाठी म्हातारी खोटं बोलत होती. धाकट्याने नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं.

"आई, तू झोपली होतीस," तो म्हणाला. "मला अंघोळीला गरम पाणी हवं होतं."

वहिनी उठली. त्याच्यावर हात उगारला, आणि तो तसाच खाली घेतला. पायात चपला घातल्या. "हा आकडा घे. जे मला सांगितलंस ते साहेबांना सांग."

आता मी खात्याच्या कचेरीत एका टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलोय. साहेब म्हणतात, अहवाल वर गेलाय, आता बदलता येत नाही. आज चौथा दिवस. वहिनी दहाला येते, बाकावर बसते, कचेरी बंद होईपर्यंत हलत नाही. धाकटा तिच्यापासून दोन हात लांब उभा असतो. ती त्याच्याशी बोलत नाही. पण डबा उघडला की एक पोळी त्याच्या बाजूला सरकवते.

वस्तीत पुन्हा आकडे चढलेत म्हणे. थंडी अजून सरलेली नाही.

मला माफी नको. मला भट्टीत टाका, वितळवा, काही करा. एवढंच मागणं आहे, त्या कागदावर खरं लिहा. त्याने लाइन बंद केली होती. चालू आम्ही केली.