केतकीची उंची

आमच्या विट्यात एक कौटुंबिक चित्रपट लागला आणि तो बघून आलेली सगळी मुलं वीतभर बुटकी झाली. चित्रपट साधा होता. अस्वलाचं एक कुटुंब मध आणायला जंगलात जातं, धाकटं पिल्लू चुकतं, मग सापडतं आणि शेवटी सगळी अस्वलं एकत्र बसून हसत हसत जेवतात. पोस्टरवर 'सहकुटुंब सहपरिवार बघा' असं लिहिलं होतं, म्हणून आम्ही तसेच गेलो होतो. दादा, वहिनी, त्यांची तिसरीतली केतकी आणि मी. मी दादाचा धाकटा भाऊ. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, म्हणजे घरात कुठल्याही कामाला कायम मोकळा असतो.

पिल्लू हरवलं तेव्हा मुलं शांत होती. वेफर्स खात होती. पिल्लू सापडलं, अस्वलं जेवायला बसली, हसायला लागली, आणि थिएटरातली सगळी मुलं एकदम किंचाळली. मोठ्यांना वाटलं वरून पाल पडली असेल. कोणीतरी ओरडून लाइट लावायला सांगितले. पाल नव्हती. मुलांचे पाय खुर्च्यांवरून लोंबत होते. मध्यंतरापर्यंत ते जमिनीला टेकत होते.

बाहेर आल्यावर केतकीच्या पायातून चपला निसटायला लागल्या, म्हणून मी तिला कडेवर घेतलं. ती लहान झाली होती, पण हलकी झाली नव्हती.

डॉक्टर शेट्यांकडे दुसऱ्या दिवशी बसायला जागा नव्हती. त्यांनी केतकीची उंची मोजली, वजन केलं, काट्यावर थाप मारून परत वजन केलं. म्हणाले, उंची गेलीय पण वजन जागेवर आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही. दूध चालू ठेवा.

घरी वहिनीने केतकीला मांडीवर घेतलं आणि नेमकं कशाला भ्यालीस, म्हणून विचारलं.

"ते हसत होते," केतकी म्हणाली.

"मग चांगलंच की गं."

"ते थांबतच नव्हते."

दादा म्हणाला, पिक्चर संपला तेव्हा थांबले की. त्यावर केतकी म्हणाली की तेव्हाही थांबले नव्हते, लाइट लागले म्हणून नुसते दिसेनासे झाले. दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, मुद्दा बरोबर आहे. दादा म्हणाला, पप्या, तू गप.

आमच्या घरात भीती ठेवत नाहीत, मोडतात. ज्याला ज्याची भीती, त्याला त्याच्यापुढे परत परत उभं करायचं, म्हणजे भीती कंटाळून निघून जाते. दादा पाण्याला भ्यायचा, म्हणून अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला विहिरीत ढकललं. तो उत्तम पोहतो. फक्त जोराचा पाऊस आला की कॉटवर पाय वर घेऊन बसतो. ताई, म्हणजे आमची थोरली बहीण, म्हशीला भ्यायची, तर तिला म्हशीवर बसवून गावातून फिरवलं. पुढे तिला स्थळही दूधवाल्याचं आलं आणि तिने ते घेतलं. मी कशाला भ्यायचो ते कोणाच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे माझी भीती अजून शाबूत आहे.

तर केतकीची भीती मोडायची ठरलं. दर रविवारी जेवणं झाली की पडदे ओढून टीव्हीवर एक चित्रपट लावायचा. वहिनी म्हणाली, एकदम अस्वलं नकोत, हलक्यापासून सुरुवात करू. म्हणून पहिल्यांदा असा चित्रपट शोधला की ज्यात कोणी हरवत नव्हतं. एक आजोबा नातवंडांना पतंग करून देत होते. शेवटी पतंग उडाला, सगळे खळखळून हसले आणि केतकीचं डोकं फ्रिजच्या हँडलच्या खाली आलं.

मग त्याहून हलका शोधला. त्यात पतंगसुद्धा नव्हता. एक कुटुंब सहलीला जायची तयारी करतं, जातं आणि वेळेवर परत येतं. कोणाला ठेचही लागत नाही. तो बघून केतकी गॅसच्या सिलिंडरएवढी झाली. दादा तिला उचलायला गेला आणि वजनही तेवढंच आहे म्हणाला.

चित्रपट जितका निरुपद्रवी, तितकी ती जास्त आखडायची. माझ्या हे ध्यानात आलं होतं. घरात बाकीच्यांच्याही येत असावं, पण ते म्हणायचे की मोडायच्या आधी भीती एकदा जोर करतेच.

शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग असते. केतकी रांगेच्या मागून पुढे आली, मग पुढूनही पुढे, सरांच्या पायाशी. हेडबाईंनी वहिनीला बोलावून घेतलं. तिसरीच्या बाकावर बसवलं तर फळा दिसत नाही, म्हणाल्या, तिच्या मापाची खुर्ची आता बालवाडीतच आहे. केतकी बालवाडीत बसायला लागली. तिथल्या मुलांना ती भागाकार शिकवायची. चार दिवसांत त्या वर्गाला भागाकार येऊ लागला, पण तो विषय बालवाडीत नसल्याने त्यांना मार्क मिळाले नाहीत.

एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी एक खुनाचा चित्रपट लावला. भरपूर खून होते, एक तर विळ्याने केलेला. केतकी लोडाला टेकून शेंगा खात बघत होती. मध्येच तिने विचारलं की हवालदाराचं पोट एवढं मोठं आहे तर तो पळणार कसा. शेवटी सगळे मेले. कोणीही हसलं नाही. पडदे उघडले तर तिचा फ्रॉक गुडघ्याच्या किंचित वर गेला होता.

"काका, अजून एक लाव," ती म्हणाली.

संध्याकाळी मी वहिनीला हे सांगितलं. फ्रॉकही दाखवला. ती कणीक मळत होती, मळायची थांबली.

"भावजी, लेकराला खून दाखवलेत तुम्ही?"

मी म्हणालो, वाढली पण. तिने दादाला हाक मारली. दादाने रिमोट काढून घेतला आणि विचारलं की उद्या ही मोठी होऊन विळा घेऊन हिंडली तर कोण जबाबदार. मी म्हणालो, मोठी तर होईल. ह्यावर कोणी हसलं नाही. मला तेव्हा आणखी भांडता आलं असतं. पण ज्याला चार वर्षांत एक पूर्वपरीक्षा निघत नाही, त्याला आमच्या घरात एका वाक्यापुरतंच ऐकून घेतात, आणि ते वाक्य माझं वापरून झालं होतं.

पुढच्या रविवारी तिला बदकांचा चित्रपट दाखवला. पिवळी बदकं होती.

वरच्या मजल्यावरच्या पृथ्वीराजचंही असंच चाललं होतं. त्याची आई त्याला पर्समध्ये घालून भाजीला न्यायची. भर बाजारात पर्सचा पट्टा तुटला. तिने पट्टा दुहेरी शिवून घेतला आणि शिंप्यालाच सांगत बसली की मुलगा हल्ली त्रास देत नाही, कुठे ठेवाल तिथे राहतो.

मग तासगावहून ताई आली. केतकीला बघून तिने आधी डोळ्यांना पदर लावला. नंतर आम्ही काय काय दाखवलं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, अगं परक्यांचे पिक्चर कशाला दाखवता, ती घाबरणारच. तिला तिच्या बारशाची शूटिंग दाखवा. सगळी आपलीच माणसं आहेत.

ह्यापेक्षा निरुपद्रवी चित्रपट जगात नव्हता, हे सगळ्यांना एकदम पटलं. दादाने कपाटातून पेन ड्राइव्ह काढला. केतकीला उशी देऊन सोफ्यावर बसवलं, माझ्याशेजारी. टीव्हीवर आमचीच खोली आली. मोगऱ्याच्या माळा सोडलेला पाळणा, भोवती जरीच्या साड्या. ताई बाळाच्या कानाशी वाकून कुर्रर्र म्हणाली आणि बायकांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले. मग सगळ्या हसायला लागल्या. शूटिंगवाल्याला ते आवडलेलं दिसत होतं, कारण त्याने कॅमेरा एकेका तोंडावरून फिरवत ठेवला होता. वहिनी हसत होती. दादा हसत होता. एका कडेला मीही होतो, तोंडात घुगऱ्या घेऊन हसत होतो.

केतकी ह्या वेळी किंचाळली नाही. तिने माझी करंगळी धरली. अख्ख्या मुठीत तेवढीच मावत होती.

"काका, तू तरी बंद कर."

पेन ड्राइव्ह लावायला दिलेला रिमोट माझ्या मांडीवर होता. दादा म्हणाला, थांब, मोडतेय बघ आता, अजून थोडं. मी थोडं थांबलो. चित्रीकरण लांब होतं.

ते संपलं तेव्हा केतकी बारा दिवसांच्या बाळाएवढी झाली होती. तोंड तिसरीतलंच होतं, पुढचे दोन दात पडलेले. वजनाने सोफ्याची गादी तिच्याखाली खोल गेली होती.

वहिनी रडायला लागली. ताईने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली की आता मला कळलं काय झालंय ते. त्या वेळी बायकांनी घाई केली. नाव नीट कानात जायच्या आत धपाटे पडले, निम्मं नाव माझ्या तोंडातच राहिलं. निम्म्या नावावर लेकरू किती दिवस तग धरणार? आता ती मापात आहे तोवर परत बारसं घालू.

मी म्हणालो, तिला स्वतःचं नाव येतं, स्पेलिंगसकट. ताई म्हणाली, तुला कधी मूल झालंय का.

त्याच दुपारी माळ्यावरून पाळणा काढला. दादाने छताच्या कडीला दोर बांधले, स्वतः लोंबकळून बघितलं. वहिनीने घुगऱ्या शिजवल्या. बिल्डिंगमधल्या बायका आल्या. सगळ्यांनी जरीच्या साड्या नेसल्या होत्या, कारण मागच्या वेळी नेसल्या होत्या. मला स्टुलावर उभं केलं आणि वरून शूटिंग घ्यायला सांगितलं. मोबाईल आडवा धरा, वहिनी म्हणाली, मागच्यासारखं पूर्ण आलं पाहिजे.

बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या, म्हणत त्यांनी केतकीला पाळण्यावरून पलीकडे दिलं आणि खालून अलीकडे घेतलं. दर खेपेला घेणारीचे गुडघे वाकत होते. पृथ्वीराजची आई म्हणाली, खातंपितं घर आहे हो, कळतं हातावर. तिची पर्स खुर्चीवर ठेवली होती आणि खुर्ची करकरत होती.

केतकीला पाळण्यात ठेवलं. वरून दुपटं घातलं, तिच्याच बारशाचं, पोपट भरलेलं. दोर ताणले गेले. छताच्या कडीभोवतालचा थोडा चुना खाली पडला. तो ताईने फुंकरीने बाजूला केला.

मोबाईलच्या पडद्यावर केतकी मला नीट दिसत होती. ती सरळ वर बघत होती, माझ्याकडे.

"काका," ती म्हणाली. "हसायला लागायच्या आधी."

बायकांना कौतुक वाटलं. किती स्पष्ट बोलते, म्हणाल्या.

मी दादाला हाक मारली. म्हणालो, दादा, हे राहू दे, तिला उचल. दादाने मान वर केली. त्याचे डोळे लाल झाले होते. तो म्हणाला, पप्या, दुसरं काही उरलंय का करण्यासारखं? मी खुनांचं नाव काढणार होतो. पण खोलीत सगळ्या बायका होत्या, पाळणा होता, माळा होत्या. ते तिथे बोलण्यासारखं नव्हतं.

ताई वाकली. बाकीच्याही वाकल्या. आता कोणी तोंडं पाडू नका, ती म्हणाली, लेकराला बरं वाटलं पाहिजे. तिने नाव घेतलं, ह्या वेळी पूर्ण, सावकाश. मग बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, ते मोजूनमापून, हलक्या हातांनी. आणि सगळे हसायला लागले. वहिनी डोळे पुसत हसत होती. दादाही खाली वाकून हसत होता.

"भावजी, तुम्ही पण," वहिनी म्हणाली. "तुम्ही हसवता तिला नेहमी."

मी हसलो. मला ते जमतं.

पडद्यावर आता पाळण्याभोवती नुसती डोकी दिसत होती, गजरे आणि भांग. मधल्या जागेत दुपट्याचा उंचवटा होता. तो खाली बसत गेला. ताई म्हणाली, कान कुठाय गं हिचा, आणि दुपट्यावरून हात फिरवला, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. पोपट सगळे सपाट झाले होते. हसणं थांबलं नव्हतं. कोणी आधी थांबायचं, हे ठरलेलं नव्हतं. पृथ्वीराजच्या आईने पाळणा म्हणायला घेतला. वहिनीने दोरी ओढली. पाळणा लवकर हलेना, तेव्हा दादाने मागून हात लावला, मग आणखी दोघींनी लावला. मी मोबाईल आडवाच धरला होता. ताईने दुपटं उचललं, झटकलं, पाळण्यात परत नीट अंथरलं, आणि चारी दोर तसेच ताठ, छताची कडी खाली वाकवत होते.