उघाडीचं चित्र

“यो अंडा कशाला काढलास, दत्ता?” गिरजाबाईंनी संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं.

“अंडं नाही काकी, झडप आहे ती. गोलच आहे.”

“गोल हाय तर गोल दिसू दे ना. मना तर कोंबडीनं घातलेला दिसतो.”

दत्तात्रेय मोकलांनी डोळे मिटून घेतले. पेणच्या एसटी स्टँडमागच्या या दहा बाय दहाच्या गाळ्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. आधी ड्रॉइंग बोर्डावर, नंतर संगणकावर. घरांचे, गोठ्यांचे, दुकानांचे नकाशे मंजुरीसाठी काढायचे. साहेब शिक्का कुठे मारायचा तेवढं बघायचे आणि मालक खोल्या मोजायचा. एकाही माणसाने त्यांचं ड्रॉइंग कधी नीट निरखून पाहिलं नव्हतं. आता पहिल्यांदाच कुणीतरी पाहत होतं, तर त्याला अंडं दिसत होतं!

गिरजाबाई धरमतर खाडीकाठच्या गावातल्या. तिथल्या बांधाची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींच्या त्या पुढारी. बांधातली उघाडी कुजून गेली होती. उघाडी म्हणजे बांधातला दरवाजा. ओहोटीला तो शेतातलं पाणी बाहेर सोडतो आणि भरतीला मिटून खाडीला अडवतो. सध्या तिथे मातीच्या गोणी कोंबल्या होत्या आणि त्या रोज थोड्याथोड्या खचत होत्या. अमावस्येचं उधाण बारा दिवसांवर आलं होतं. खारं पाणी एकदा आत शिरलं की तीन वर्षं तिथे भात होत नाही, हे गावात सांगावं लागत नसे. म्हणून मंडळींनी रोह्याच्या हर्षदच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी पेटी बनवायला टाकायचं ठरवलं होतं. समोर गोल झडप असलेली चौकोनी पेटी बांधातल्या दगडी भिंतीत आरपार बसवायची, एवढंच काम. हर्षद म्हणाला, “ड्रॉइंग आणा.” म्हणून ही फेरी.

फेरी कसली, तिसरी खेप होती. पहिल्यांदा दत्तात्रेयांनी रीतीप्रमाणे समोरून, वरून आणि बाजूने अशी तीन दृश्यं काढली, सगळी मापं टाकली. ती पाहून गिरजाबाईंबरोबर आलेला जगन घाबरला. “दादा, या तीन उघाड्या कशाला? आमची एकच हाय.” मग दत्तात्रेयांनी दोन संध्याकाळी खर्चून आयसोमेट्रिक काढलं. पेटी कोपऱ्यातून पाहिल्यासारखी, तिन्ही बाजू एकाच चित्रात, आणि कुठल्याही कडेला मोजपट्टी लावली तरी माप खरं. त्यांना स्वतःलाच ते इतकं आवडलं होतं की चहा थंड झाला तरी ते बघत बसले होते.

“काकी, कोपऱ्यातून बघितलं की गोल असाच दिसतो. तुमच्या हंड्याचं तोंड बाजूने बघा कधी.”

“हंड्याचं तोंड मना ठाव हाय. गोल असतं.”

“आन ही पेटी एका अंगाला कललेय,” जगनने भर घातली. “आन ह्यो आकड्यांचा रान काढून टाक ना, दादा. आतला कायच दिसत नाय.”

दत्तात्रेयांचं डोकं फिरलं. इतका वेळ आवरलेला सगळा वैताग बोटांत उतरला. त्यांनी अंडं पुसलं आणि पेटी तोंडाने सरळ समोर वळवली. आता झडप रुपयासारखी गोल. पेटीची खोली तेवढी मागे तिरकी नेली आणि निम्मी काढली, कारण अशा चित्रात खोली पुरी काढली तर पेटी आगगाडीच्या डब्यासारखी लांबलचक दिसते. हा रिवाज त्यांना झोपेतही पाठ होता. मग संगणकातल्या चित्राच्या ज्या थरावर, म्हणजे लेयरवर, सगळी मापं होती तो थरच बंद केला. ‘चित्रावरून माप घेऊ नये’ ही ओळही त्याच थरावर होती. तीही गेली. प्रिंटर खडखडला.

“घ्या! झाला गोल?”

“आता कशी सोन्यासारखी दिसते,” गिरजाबाई म्हणाल्या. दत्तात्रेयांनी मापांचा जुना कागद खाली जोडला आणि “हा वर्कशॉपमध्ये द्या” असं पुटपुटले. ते कुणी ऐकलं की नाही, हे बघायला त्यांनी मान वर केली नाही.

नवव्या दिवशी जगनचा फोन आला. “दादा, पेटी आली. बसते, पन भिंतीत मधेच संपते.”

दत्तात्रेय मोटारसायकल काढून बांधावर गेले. एकतीस वर्षांत साइटवर जाण्याची त्यांची ही तिसरी की चौथी वेळ असेल. पेटीचं तोंड चार फूट बाय पाच फूट, अगदी नेमकं. झडप अशी सुरेख गोल की हात फिरवावा. पण खोली दोन फुटांऐवजी एक फूट. भिंतीचा मागचा निम्मा भाग उघडाच राहिला होता आणि खाडीचं पाणी दगडांच्या फटींतून आत पाझरत होतं.

त्यांनी हर्षदला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. हर्षद शांतपणे म्हणाला, “साहेब, कागदावर प्रमाण एकास दहा लिहिलंय. आम्ही मोजपट्टी लावली. रुंदी बरोबर आली, उंची बरोबर आली. मग तिसरं माप खोटं कसं असेल?”

“मापांचा कागद दिला होता ना!”

यावर जगन खाली बघायला लागला. “तो घरी ठेवला, दादा. त्याच्यावर तीन उघाड्या होत्या. कारखान्यात घोळ नको, म्हटलं.”

हसावं की रडावं ते दत्तात्रेयांना कळेना. अंड्याच्या चित्रावर मोजपट्टी लावली असती तर पेटी दोन फूट आली असती. जे चित्र या माणसांना खोटं वाटलं तेच खरं होतं, आणि त्यांना सोन्यासारखं दिसणारं खोटं आपण रागाच्या भरात काढून दिलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

“काकी, चूक माझी आहे. मापं मीच बंद केली.”

“कोनाची ते पावसात बसून ठरवू,” गिरजाबाई खेकसल्या. “उधाणाची भरती शनवारी हाय.”

मागे जोड देऊन पेटी वाढवता येईल, असं हर्षद म्हणत होता. दत्तात्रेय म्हणाले, “लगेच नवं ड्रॉइंग करतो. दोन फूट, मोठ्या अक्षरात.”

गिरजाबाईंनी कुंपणातली बांबूची एक कामटी उपसली, गुडघाभर चिखलात उतरल्या, कामटी भिंतीच्या भोकातून आरपार घातली आणि मागच्या कडेला नखाने खूण करून तिथे ती मोडली. “ही ने.”

दत्तात्रेयांनी टेप लावला. सव्वीस इंच. भिंत दोन फूट आहे हे जगनने सांगितलं होतं आणि त्यांनी पेणमध्ये बसून लिहून घेतलं होतं. म्हणजे सगळं बरोबर झालं असतं तरी पेटी दोन इंच तोकडीच पडली असती. त्यांनी पुन्हा मोजलं. सव्वीसच.

पेटी टेम्पोत चढली. दत्तात्रेय जगनच्या शेजारी कामटी मांडीवर घेऊन बसले. नागोठण्यानंतर रस्ता खणलेला होता, तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. खांबला जगन चहाला उतरला. दत्तात्रेयही उतरले, कामटीसकट. हॉटेलवाला बघत राहिला. त्यांनी खिशातलं पेन काढलं, कामटीच्या एका टोकाला ‘पुढे’ आणि दुसऱ्या टोकाला ‘मागे’ लिहिलं, तारीख घातली आणि सवयीने खाली बारीक अक्षरात ‘द. मोकल’ अशी सही केली.

रोह्याला पोचेपर्यंत दुपार झाली. हर्षद हात पुसत बाहेर आला. “ड्रॉइंग आणलंत?”

दत्तात्रेयांनी कामटी पुढे केली. हर्षदने ती फिरवून वाचली. तो हसेल असं त्यांना वाटलं होतं, पण तो हसला नाही. त्याने ती पत्र्यावर आडवी ठेवली आणि खडू शोधायला लागला.

“जपून हां,” दत्तात्रेय म्हणाले. “दुसरी प्रत नाही.”