पंधरा भोकांचा छज्जा

मित्रांनो, मी एक जुना छज्जा आहे आणि मला माझी स्वतःचीच किळस येते. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. रस्त्यावरून जाणारे लोक माझ्याकडे बघून म्हणतात, काय झकास हिरवा रंग आहे! त्या रंगाखाली काय होते ते त्यांना ठाऊक नाही. मी ते पूर्ण एक वर्ष अंगावर वागवले आहे.

छज्जा म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर सिमेंटचा, भिंतीतून पुढे आलेला छज्जा येईल. मी तसा नाही. मी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आहे आणि मला घडी आहे. चार फूट लांबीची पाच पाती एकमेकांना बिजागऱ्यांनी जोडलेली आहेत. दांडा वर ढकलला की मी मिटून खिडकीच्या डोक्यावर बसतो आणि खाली ओढला की तीन फूट पुढे पसरतो. माझ्या प्रत्येक पात्याला तीन भोके आहेत, म्हणजे एकूण पंधरा. तो आकडा लक्षात ठेवा. माझे सगळे हाल त्या पंधरा भोकांपायी झाले.

मला घडवणाऱ्या माणसाला कारखान्यात सगळे गुण्या म्हणत. कोपरा काटकोनात आहे की नाही हे तपासायचा गुण्या त्याच्या खिशातून कायम डोकावत असे, म्हणून हे नाव. चांगला छज्जा कसा बनवावा हे शिकायला तो दर सुट्टीच्या दिवशी भंगारवाल्याच्या आवारात जायचा आणि टाकून दिलेले छज्जे उलटेपालटे करून कुठे काय सडले आहे ते बघायचा. कारखान्यातला वेल्डर त्याची टर उडवायचा.

"गुण्या, लोक सुट्टीला बायकापोरांना घेऊन बागेत जातात. तू उकिरडे फुंकतोस!"

"बागेत काय शिकणार? फुलं खोटं बोलतात रे. भंगार खरं सांगतं."

माझ्याआधी त्याने एक नमुना बनवला होता. तो मिटून त्याने कारखान्याच्या पन्हाळीखाली वर्षभर टांगून ठेवला. वर्षाने सगळ्यांसमोर उघडला तेव्हा घडीतून कुजलेल्या पानांचा काळा लगदा, पिसे आणि अर्धी पाल बाहेर आली. वेल्डर नाक दाबून पळाला. गुण्याने मात्र त्या लगद्यात बोट घातले, वास घेतला, तोंड वेडेवाकडे केले आणि म्हणाला, "शी! पण आता कळलं. पाती अंगाला अंग चिकटवून बसतात, म्हणून आतलं वाळत नाही."

माझी सगळी रचना त्या एका शीमधून झाली. मिटल्यावरही माझ्या दोन पात्यांमध्ये बोटभर फट राहते. कडा दुमडून जाड केल्या की दुमडीत पाणी साचते, म्हणून माझ्या कडा दुमडलेल्या नाहीत. बोल्ट पोलादी आहेत, पण त्यांच्याखाली नायलॉनच्या चकत्या आहेत. ओल्यात पोलाद ॲल्युमिनियमला लागून राहिले तर ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. आणि पाणी जिथे जिथे थांबू शकेल, तिथे तिथे त्याने भोक पाडले. तयार झालो तेव्हा मी दिसायला अगदीच साधा होतो. वेल्डर म्हणाला, "चाळणी केलीस रे पत्र्याची!" गुण्याला ती शाबासकी वाटली.

त्याने मला एका रफूवाल्या बाईंच्या खिडकीवर बसवले. घर दुमजली, अरुंद बोळात. वर दीर आणि खाली बाई. मागे दुसऱ्या घराची भिंत, त्यामुळे खालच्या मजल्याला उजेडाची खिडकी एकच, पश्चिमेची. बाई तिथे स्टूल टाकून बसत. फाटलेल्या कापडाचाच दोरा शिवणीतून उसवून काढायचा आणि तो न मिळाला तर डब्यातला हुबेहूब त्या रंगाचा शोधून उभे-आडवे विणत जायचे. काम झाले की छिद्र कुठे होते ते गिऱ्हाइकालाही सापडत नसे. दिव्याच्या उजेडात रंग फसवतात, म्हणून त्यांचे सगळे काम दिवसाउजेडी चाले. सकाळी उजेड आत यावा म्हणून मला मिटायचे, दुपारी उतरते ऊन लोकांच्या कपड्यांवर पडून रंग उडू नये म्हणून उघडायचे.

"ताई," गुण्या जाताना म्हणाला, "आठवड्याला ओला फडका मारा आणि भोकांतून एकदा काडी फिरवा."

"एवढंच?"

"एवढंच. पण कोणी करत नाही."

बाईंनी केले. बारा वर्षे, दर आठवड्याला. माझे ते दिवस चांगले गेले, तरी स्वच्छ गेले असे म्हणवत नाही, कारण वर दीर राहत होते.

दीर स्वभावाने लाख माणूस. वहिनींना कधी उणा शब्द बोलले नाहीत. पण हातात जे नको असेल ते खिडकीतून खाली टाकायचे, ही त्यांची जन्माची सवय. चहाचा चोथा माझ्यावर, कापलेली नखे माझ्यावर, दाढीचा फेस माझ्यावर. सकाळी खाकरून खाकरून केलेली गुळणीही माझ्यावरच. कबुतरे त्यात आपली भर घालत. पण कबुतरांना निदान समोर घाण दिसली की लाज वाटावी अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही.

एकदा बाई हळूच म्हणाल्या, "भाऊजी, जरा बघून टाकत जा."

"अहो वहिनी, बघूनच टाकतो! खाली छज्जा आहे ना. तुमच्या अंगावर पडतंय का काही?"

बाई हसल्या आणि फडका घेऊन स्टुलावर चढल्या. त्यांचा स्वभाव तो. कापडाचे भोक न बोलता बुजवायचे, तसे माणसांचेही.

मग लेकीच्या बाळंतपणासाठी त्या चार महिने गेल्या. चार महिने फडका नाही, काडी नाही. चोथ्यावर विष्ठा, विष्ठेवर फेस, त्यावर पुन्हा चोथा. माझ्या फटी भरत गेल्या. उन्हात वरून खपली धरायची आणि आत ओलेच राहायचे. मला शहारा येतो असे मी म्हटले तर तुम्ही म्हणाल, पत्र्याला कसला शहारा! पण आला.

बाई परत येण्याच्या आठवड्यात दिरांनी रंगारी बोलावला. वहिनींना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता त्यांना. खरेच, मनापासून.

रंगारी शिडीवर चढला आणि म्हणाला, "साहेब, याला भोकं पडलीत. सडत चाललाय."

"किती?"

"पाचच्या पाच पात्यांना आहेत."

"मग लांबीचा लगदा भरून बुजवून टाक! आणि या फटीपण. वारा येतो नुसता."

"आधी खरवडून घेऊ का? घाण बसलीय खूप."

"त्यात अर्धा दिवस घालवशील. दोन हात मार जाड, काय दिसतंय!"

भोके गोल, एकसारखी, ओळीत तीन. गंजाने कधी असे मोजून भोक पाडले आहे का, हे त्या दोघांपैकी एकाच्याही मनात आले नाही. पंधराही भोकांत लांबी गेली. फटींत गेली. मग विष्ठेवरून, नखांवरून, पिसांवरून हिरव्या रंगाचे दोन हात. मी चकाकू लागलो. इतका ओंगळ मी आयुष्यात कधी नव्हतो.

बाई आल्या तेव्हा दीर बोळाच्या तोंडाशीच उभे होते. "बघा वहिनी! ओळखू येतोय का?"

"छान दिसतोय, भाऊजी," बाई म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी दांडा ढकलला. मी हललो नाही. त्यांनी जोर लावला तशी बिजागरीवर रंगाला बारीक चीर गेली.

"अहो, हळू, हळू! रंग जाईल!"

बाईंनी दांडा सोडला. त्यानंतर वर्षभर त्या माझ्या सावलीत बसल्या. मी कायमचा उघडा, म्हणजे सकाळचा उजेड कायमचा बंद. एवढ्या प्रेमाने केलेल्या गोष्टीला नावे कशी ठेवायची, म्हणून बोलल्या नाहीत. मला त्यांचा त्या वर्षी राग आला होता, हेही नोंदवून ठेवतो.

मग वकीलबाई आल्या. जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी काळा कोट स्टुलावर ठेवला.

"ताई, कोर्टाच्या पायऱ्यांवर उन्हात उभी होते. मैत्रीण म्हणते, खांद्यावर निळी पाल बसलीय का गं तुझ्या?"

बाईंनी कोट बोळात नेला, उन्हात धरला. काळ्या कोटावर गडद निळ्या दोऱ्याचे रफू स्वच्छ दिसत होते.

"तुमचं काम शोधून सापडत नाही म्हणून मी येत होते," वकीलबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागले.

बाई डोळे तपासून आल्या. डोळे ठणठणीत निघाले. तरी त्या आठवड्यात त्यांनी दोऱ्यांचा डबा बंद करून फळीवर ठेवला आणि दिरांना सांगितले, "भाऊजी, आता काम बंद करावं म्हणते. रंग ओळखू येत नाहीत."

"डोळ्यांचं वय झालं, चालायचंच," दीर म्हणाले. त्याच वेळी माझ्या तळातून एक काळसर थेंब त्यांच्या पांढऱ्या बाहीवर पडला. त्यांनी बाही नाकाशी नेली आणि ओकारी आल्यासारखे मागे सरले. "हे काय! सडलंय साफ. उद्याच कापून काढतो. इथे प्लास्टिकचा पत्रा ठोकू, एकदम पक्का. हलायची भानगडच नाही."

हलायची भानगडच नाही. बाईंनी ते ऐकले. पक्का पत्रा म्हणजे उरल्या आयुष्याचा अंधार, हे त्यांना मोजून सांगायची गरज नव्हती. आत जाऊन त्यांनी फोन लावला.

दुसऱ्या दिवशी गुण्या आला. म्हातारा झाला होता, शिडीच्या दोन पायऱ्या चढला की थांबत होता. कापायचे यंत्र घेतलेला माणूस आणि दीर खाली उभे. गुण्याने फटीत बोट घालून पाहिले. बोट शिरेना. त्याने पटाशीने हिरवा रंग उचकटला. वास खालपर्यंत गेला. यंत्रवाला चार पावले मागे सरकला.

"माझी भोकं कोणी बुजवली?"

"भोकं? गंजाची होती ती," दीर म्हणाले.

"ॲल्युमिनियमला गंज? साहेब, पाणी जायला पाडली होती मी ती, गुण्या लावून." त्याने पटाशी खाली केली. "पण चूक माझीही आहे. ताईंना सांगितलं आणि पत्र्यावर लिहिलं नाही. दुसऱ्याला कसं कळणार?" तो खाली उतरला. "आता तुम्ही चढा."

"मी? कशाला?"

"कापायच्या आधी आत हात घालून बघा. मालकानं बघावं."

दीर चढले. त्यांनी दोन बोटे घातली आणि बाहेर काढली. काळ्या चिखलात चोथा होता, साबणाची वडी झालेला दाढीचा फेस होता, आणि नखे होती, चंद्रकोरीसारखी, पिवळी, असंख्य. दीर ती बोटे अंगापासून लांब धरून शिडीवरच उभे राहिले. कबुतरांना नखे कापता येत नाहीत, हे त्यांना दिसत होते.

"हे सगळं माझंच?" त्यांनी विचारले.

मग बाई दारात आल्या. त्यांनी एकेक शब्द नीट उच्चारला.

"हो भाऊजी. बारा वर्षं मी पुसत होते. आणि माझे डोळे चांगले आहेत. छज्जा मिटत नाही म्हणून मला दिसत नाही. तो कापायचा नाही. आणि उद्यापासून तुमची गुळणी मोरीत."

यंत्रवाल्याने हसू दाबण्यासाठी मान वळवली. दीर शिडीवरूनच म्हणाले, "बरं, वहिनी." मग खाली उतरत, "पाणी आणा. हात धुतो, आणि मग खरवडायला मीच लागतो."

खरवडायला तीन दिवस लागले. दोन पाती वाचली नाहीत. चिखलाने चकत्यांना वेढून बोल्टभोवतीचा पत्रा खाल्ला होता, हात लावला की भुकटी. गुण्याने ती काढून टाकली. आता मी तीन पात्यांचा, पावणेदोन फुटांचा. दुपारचे ऊन थोडे आत येते आणि बाई स्टूल मागे सरकवून घेतात. रंगही सगळा निघालेला नाही, म्हणून लोक अजून मला झकास म्हणतात आणि मला अजून शिसारी येते. पण मी मिटतो. वकीलबाईंचा कोट बाईंनी मागून आणला, निळे रफू उसवले आणि सकाळच्या उजेडात काळे घातले.

मित्रांनो, माझ्यावर दया करू नका, मला नवा रंगही नको. तुमच्या घरी कोणी रोज एखादी वस्तू वापरत असेल, तर ती सुधारायच्या आधी त्या माणसाला विचारा की यातले काय कशासाठी आहे. आणि तुम्हीच तो वापरणारा माणूस असाल, तर 'छान दिसतोय' असे म्हणू नका. त्या दोन शब्दांखाली मी वर्षभर कुजलो.