शंभर फूट

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर भेंडी घेताना गुरुनाथ पाटणकर प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघायचा. दुकानदार त्याला लांबून पाहूनच सुस्कारा सोडायचा. छत्तीस वर्षं कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढलेली. रिटायर झाल्यावर तपासायला माल उरला नाही, म्हणून हा बाबा जगच तपासायला लागला.

अशा माणसाला दोन हजार चारच्या ऑगस्टात संजीव चौबळने आपलं सॅमन मासे पकडायचं रीळ चाळीस डॉलर्सना दिलं. संजीव त्याचा तीस वर्षांचा दोस्त. दर उन्हाळ्यात ऑफिसच्या जुन्या तिघांबरोबर तो बोटीने लेक मिशिगनवर जायचा. यंदा म्हणाला, "गुरू, शनिवारी एक जागा आहे. चल यार." गुरुनाथला केव्हापासून जायचं होतं. पण बोट हळूहळू चालवत मागे गळ सोडायचे, तर किती फूट दोरी गेली हे दाखवणारा काउंटर रिळावर हवा, आणि तसलं नवं रीळ नव्वदच्या खाली मिळेना. तीन दुकानं पालथी घालून झाली होती.

"मग तुझं का विकतोयस?" त्याने विचारलं होतं.

"मला आता नको," एवढंच संजीव म्हणाला.

झालं. गुरुनाथच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चांगली वस्तू अर्ध्या किमतीत कोण देतो? नक्की काहीतरी बिघडलेलं असणार. आधी त्याने जुनी दोरी कुजकी ठरवून सगळी सोडवली आणि कचऱ्यात टाकली. नव्या दोरीचे दोन बॉक्स आणले, पण एकच भरला. दुसऱ्याचं सील फोडलं नाही. रीळ नापास झालं, तर निदान तो दुकानात परत करता येईल!

मग परीक्षा. बिल्डिंगच्या पार्किंग लॉटमध्ये दोरीचं टोक बायकोच्या हातात देऊन त्याने तिला चालायला लावलं.

"अहो, लोक बघतायत," उल्का म्हणाली.

"बघू देत. चाल."

काउंटरवर शंभर आले तिथे त्याने तिला थांबवलं आणि टेप लावली. बहात्तर फूट. पुन्हा मोजलं. बहात्तरच. चोरी पकडल्याचा आनंद त्याला आधी झाला, राग नंतर आला. त्याने तिथूनच फोन लावला.

"संजीव, तुझं रीळ खोटं बोलतंय. आणि तूही. गंडवायला मीच सापडलो का रे?"

"बरं," संजीव म्हणाला, "परत आणून दे." फोन बंद.

"निदान विचारायचं तरी होतं, असं का होतंय म्हणून," उल्का म्हणाली. गुरुनाथने ऐकलं नाही. नवं रीळ घ्यायला तो तडक मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेला आणि पुरावा म्हणून जुनं टेबलावर आपटलं. दुकानातल्या म्हातारीने चष्मा चढवून त्याच्याकडे पाहिलं.

"दोरी अर्धीच का भरलीत? या काउंटरला फूट कुठे कळतात, त्याला फेरे कळतात. दोरी गुंडाळायचं हे स्पूल पूर्ण भरलेलं असेल तरच आकडा खरा. भरलेल्या स्पूलचा फेरा मोठा, अर्ध्याचा लहान. साधा हिशेब आहे."

छत्तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर! गुरुनाथचे कान तापले. रिळात खोट नव्हतीच, ती त्याने स्वतः घातली होती. आपण दोस्ताला काय बोलून बसलो, हे आठवून तो तसाच संजीवच्या घरी निघाला.

संजीवने दार डाव्या हाताने उघडलं. उजवा पोटाशी धरलेला होता.

"हाताला काय झालं?"

"शोल्डर गेलाय. जूनपासून. डॉक्टर म्हणाले, मासेमारीचा रॉड विसरा."

"आणि शनिवारी?"

"मी कुठे येतोय? बोटीवर चारच जागा आहेत. माझी तुला दिली."

गुरुनाथला तोंड वर करवेना. "चुकलो रे. दोरी अर्धीच भरली होती मी."

"का?"

"दुसरा बॉक्स परत करता यावा म्हणून."

संजीवने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग एकदम हसत सुटला, दुखरा खांदा धरून हसला. "आहे का तो बॉक्स? आण इकडे."

पायरीवर बसून दोघांनी स्पूल काठोकाठ भरलं. गुरुनाथ निघायला उठला.

"मोजायचं नाही?"

"नको."

"मोज रे बाबा. नाहीतर शनिवारी बोटीवर टेप काढून बसशील." दोरीचं टोक डाव्या हातात घेऊन संजीव फुटपाथने चालू लागला, एक खांदा उतरलेला, हळूहळू. बराच लांब गेल्यावर वळून ओरडला, "भरले का शंभर?"

गुरुनाथने काउंटर डोळ्यांजवळ धरला. आकडे सगळे धूसर झाले होते.

"भरले!" तो ओरडला.