पायाखालची माती

लेकीने घराचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, तेव्हा आबांनी चष्मा पुसायचं निमित्त करून आधी डोळे पुसले. त्यांचं सगळं आयुष्य भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं होतं. आता त्यांची एकुलती एक लेक, स्वतः आर्किटेक्ट, त्यांच्याच रिकाम्या जागेवर घर बांधणार होती, आणि त्यात आबांसाठी वेगळी खोली होती, सकाळचं ऊन येणारी.

घर तिने मन लावून आखलं होतं. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, म्हणजे उन्हाळा पंख्याशिवाय निघेल आणि थंडीत ऊब टिकेल. पश्चिमेला खिडक्या लहान. गरम हवा बाहेर पडायला छपराजवळ उंच झरोके, पावसाच्या पाण्यासाठी जमिनीखाली टाकी. विटा नकोत, कारण भट्टीत जळण जातं. सिमेंट अगदी नाइलाज असेल तिथेच. एवढी माती आणणार कुठून, असं जावयाने विचारलं तर म्हणाली, "आणायची कशाला? पायाखाली आहे की." मग आपण घर बांधत नाही, जमीनच उभी करतोय, असं जावई म्हणाला आणि सगळे हसले. आबाही हसले, पण जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी तिने जागेवरची माती बाटलीत पाण्याबरोबर हलवून ठेवली. वाळू किती, चिकणमाती किती, हे थरांवरून कळतं. प्रमाण उत्तम निघालं. खुशीत असतानाच तिने सहज विचारलं, "आबा, इथे आधी काय होतं?"

"काय असणार? गवत," आबा म्हणाले.

गवत होतंच. पण त्याआधी तिथे पत्र्याची मोठी शेड होती, आणि ऐन तरुणपणी आबा त्या शेडमध्ये गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचे. आतलं शिसं वितळवून त्याच्या लाद्या पाडायच्या, उरलेली काळी राख मागच्या खड्ड्यांत लोटायची. पुढे कारखाना बंद पडला. मालकाने जमिनीचे तुकडे पाडून विकले आणि जुन्या कामगाराची आठवण म्हणून मागचा एक तुकडा आबांच्या नावावर करून दिला. लेकीला मात्र त्यांनी कायम सांगितलं होतं, की आपण एका कचेरीत कारकून होतो आणि ही जागा पै-पै साठवून घेतली. काळे हात घेऊन घरी येणारा बाप तिला आठवतही नव्हता. आता खरं सांगावं तर चाळीस वर्षांचं खोटं उघडं पडणार आणि वर हे घरही हातचं जाणार. इतक्या वर्षांत जमिनीने सगळं पचवलं असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

साच्यात माती ठोकून ठोकून भिंती चढल्या. वरून रंग नाही, गिलावा नाही, भिंतींना श्वास घेता यावा म्हणून. लोक घर बघायला येत, भिंतीवरून हात फिरवत. पाच वर्षांची नात, जिला सगळे चिमणी म्हणत, बोट ओलं करून भिंतीला लावायची आणि चाटायची. तिची आई रागवायची आणि मग हसायची. आबा मात्र नातीला हाताला धरून भिंतीपासून लांब न्यायचे, गोष्ट सांगतो म्हणून. पण चोवीस तास कोण कोणावर डोळा ठेवणार?

वर्ष होत आलं आणि चिमणीच्या पोटात दुखायला लागलं. जेवणावरची वासना उडाली. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, मग रक्तवाढीचं. शाळेतून निरोप आला, की पाठ असलेली गाणी ती विसरते आणि उगाच चिडते. लेक आणि जावई रोज नवे तर्क लढवत होते. आबा तेवढे चिमणीचे हात पुन्हा पुन्हा धुवायचे.

एका सकाळी ते तिचे दात घासून देत होते. तिने मोठा आ केला आणि त्यांना दातांच्या मुळाशी, हिरड्यांवर, बारीक निळसर रेघ दिसली. तशी रेघ त्यांनी शेडमधल्या सोबत्यांच्या तोंडात पाहिली होती. त्यातला एक जण पुढे स्वतःच्या घरचा रस्ता विसरायला लागला होता.

ब्रश तसाच टाकून ते बाहेर आले. लेक कामाला निघत होती.

"हिच्या रक्तात शिसं बघायला सांग," ते म्हणाले. "ते भिंतीत आहे. मला माहीत होतं."

तिला आधी कळलंच नाही. मग आबांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. मुलीला कडेवर घेऊन दवाखान्यात गेली. त्याच दिवशी बिऱ्हाड भाड्याच्या घरात हललं.

रक्तात शिसं निघालं, भिंतीतही निघालं. डॉक्टर म्हणाले, रक्त साफ होईल, पण डोक्याचं जे नुकसान झालंय ते किती भरून येईल, हे आज सांगता येणार नाही. घर पाडायला चार दिवस लागले. तोंडाला फडकी बांधून माणसं भिंतींवर पाणी मारत होती, धूळ उडू नये म्हणून. ती माती टाकायची कुठे, हाच मोठा प्रश्न झाला. कोणी घ्यायला तयार नव्हतं.

पाचव्या दिवशी लेकीने कारखान्याच्या जुन्या सगळ्या जमिनीचा नकाशा आबांपुढे ठेवला आणि हातात पेन्सिल दिली.

"खड्डे किती होते?"

"सात."

"दाखवा."

आबांनी एकेक गोल काढला. दोन स्वतःच्या जागेत आले, पाच इतरांच्या. त्या पाचही तुकड्यांवर आता घरं होती, परसात भाजीचे वाफे होते.

"मी पत्रं पाठवू शकते," ती म्हणाली. "पण हे तुम्ही तोंडाने सांगायचं. मी सोबत येते."

दुपारी ते निघाले. पहिल्या घरातल्या म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या घरी त्यांना खोटारडे ठरवलं, जागेचा भाव पाडायला आलात म्हणून हाकलून दिलं. तिसऱ्या घरी एक बाई अंगणात पालक निवडत होती, शेजारी तिचं रांगतं मूल मातीत खेळत होतं. आबा बोलायला लागले तसे तिचे हात थांबले. मुलाला उचलून तिने त्याच्या मुठी उघडल्या, पदराने पुसल्या, पुन्हा पुसल्या.

"इतकी वर्षं तुम्ही गप्प का बसलात?" तिने विचारलं.

आबांनी आधारासाठी लेकीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. मुलाचं रक्त कुठे तपासायचं ते तिने त्या बाईला कागदावर लिहून दिलं, नीट समजावून सांगितलं, आणि फाटकाची कडी काढली.

"चला आबा," ती म्हणाली. "अजून दोन घरं राहिलीत."