नळ चावतो

"नळात करंट नाही, एवढंच सांगा आईला," बाथरूमच्या दाराशी उभा राहून मुलगा हलक्या आवाजात म्हणाला. "माझं ऐकतच नाही. तुमच्या तोंडून ऐकलं तर पटेल."

"आधी बघते, मग सांगते," वायरमनबाई म्हणाल्या आणि त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

सव्वीस वर्षं त्या घरोघरी वायरिंगची कामं करत होत्या. दार उघडणारा माणूस अजूनही त्यांच्या मागे कोणी पुरुष उभा आहे का, ते बघायचा. त्यांचं तिकडे लक्षच नसायचं.

मुलानं सगळं सांगितलं. तीन महिने आई एकच धोशा लावून बसली होती, नळ चावतो. आंघोळीला जायचं म्हटलं की अंगावर काटा येई तिच्या. तो, बायको आणि मुलगी त्याच नळाच्या पाण्याने रोज आंघोळ करत, कुणाला काही होत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, या वयात भास होतात. येत्या सोमवारपासून आईची सोय विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या एका केंद्रात केली होती. बॅगसुद्धा भरून झाली होती.

"मी स्वतः टेस्टर लावून बघितला. दिवा लागलाच नाही."

"तेव्हा बॉयलर चालू होता?"

"छे! बंद करूनच लावला. उगाच शॉक बसायला नको."

वायरमनबाईंनी हसू गिळलं आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. आई खिडकीपाशी पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या.

"तुम्हीपण मला वेडी ठरवायला आलात?"

"नाही. नळ कसा चावतो, ते विचारायला आले."

आईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग उजवा हात पुढे केला. "बोटांपासून पार कोपरापर्यंत मुंग्या येतात. आणि फक्त पाणी तापत असताना. थंडी सोसत नाही म्हणून मी बॉयलर चालूच ठेवते."

"पायात काय असतं?"

"काही नाही. ती रबरी चप्पल ओल्यात घसरते. एकदा आपटले, तेव्हापासून अनवाणीच जाते. ही सगळी घालतात."

वायरमनबाईंना एक जुनं घर आठवलं. कामाला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती, तेव्हा भांडी घासणाऱ्या एका बाईने त्यांना अगदी असंच सांगितलं होतं. त्यांनी घाईघाईत तपासलं आणि 'काही नाही' म्हणून मोकळ्या झाल्या. आठवड्यातच शॉक लागून ती बाई फेकली गेली आणि तिचा हात मोडला. तेव्हापासून त्या आधी माणसाचं ऐकत, मग मीटरचं.

त्यांनी बॉयलर सुरू केला, फरशीवर पाणी ओतलं, मीटरची एक तार नळाला आणि दुसरी ओल्या फरशीला लावली. मग मुलाला हाक मारली.

"वाचा."

"नव्वद... म्हणजे?"

"नव्वद व्होल्ट. तुमची चप्पल तुम्हाला वाचवते. आईंना कोणीच वाचवत नाही."

पुढचं शोधायला तासभर लागला. बॉयलरचं पाणी तापवणारं एलिमेंट आतून फुटलं होतं. त्याच्या प्लगची अर्थिंगची वायर भिंतीतच तुटलेली होती. तरी आधी निभावलं होतं, कारण गळणारी वीज लोखंडी पाइपातून थेट जमिनीत उतरत होती.

"हा प्लॅस्टिकचा तुकडा कधी टाकलात?" त्यांनी बाहेरच्या भिंतीवरचा पाइप दाखवला.

"गंज चढला होता म्हणून..." मुलानं बोटं मोजली आणि तो खाली बघू लागला. "तीन महिने झाले."

"तिथेच विजेची वाट बंद झाली. मग ती नळात येऊन बसली."

दुपारपर्यंत वायरमनबाईंनी नवीन एलिमेंट बसवलं. मेन बोर्डापासून अर्थिंगची नवी वायर ओढली, बॉयलरला जोडली. गरम आणि थंड पाण्याच्या पाइपांना पट्ट्या आवळून तेही त्याच वायरीला जोडून टाकले. वीज गळताच सगळं बंद करणारा स्विच बसवला. पुन्हा फरशी भिजवली, पुन्हा मोजलं. मीटरवर शून्य आलं.

आई दारात येऊन उभ्या होत्या. "लिहून द्या," त्या म्हणाल्या.

"काय लिहू?"

"जे होतं ते. खाली सही करा, तारीख घाला."

वायरमनबाईंनी वहीचं पान फाडून लिहिलं : नळावर नव्वद व्होल्ट होते. आईंची तक्रार खरी होती.

आईंनी कागद लांब धरून वाचला आणि परत दिला. "'खरी'च्या आधी 'पहिल्या दिवसापासून' घाला."

वायरमनबाईंनी घातलं. आईंनी कागद मुलाच्या हातात दिला.

"मोठ्याने वाच."

त्यानं वाचायला सुरुवात केली. 'पहिल्या दिवसापासून'पाशी तो अडखळला. आई थांबल्या. वाक्य पुरं होईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी कागदाची घडी घालून कमरेला खोचली, सुनेकडून टॉवेल मागून घेतला आणि अनवाणीच आत जाऊन दाराला कडी लावली.