कधीच नाही

"गेल्या महिन्यात कधी एकदम असहाय वाटलं?"

"कधीच नाही, मॅम," लीझेल हसून म्हणाली.

स्वरूपाने उत्तर नोंदवलं. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमध्ये सकाळ होती, तिकडे फिलिपिन्समध्ये दुपार. कोरोनाने सगळ्यांना घरात कोंडलं होतं. आतल्या खोलीत नवऱ्याचं, हृषिकेशचं, ऑफिस चालायचं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वरूपाचं. विद्यापीठाच्या एका प्रकल्पासाठी ती फिलिपिनो कॉलेजविद्यार्थ्यांवरचा ताण मोजायची. ठरलेले प्रश्न विचारायचे, 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंतचं एक उत्तर घ्यायचं. आकडा संगणक काढायचा.

नर्सिंगला असलेली लीझेल तिची लाडकी. नेहमी वेळेवर, केस नीट विंचरून हजर. आज मात्र तिच्या मागून बायकांचं संथ, एकसुरी गाणं ऐकू येत होतं.

प्रश्न संपले. आभार मानून कॉल बंद करायचा, असा नियम होता. पण स्वरूपाला राहवलं नाही.

"गाणं कसलं गं? काही सण आहे का?"

"प्रार्थना चाललीय, मॅम. पप्पा गेले आज पहाटे. हॉस्पिटलवाल्यांनी घरी आणू दिलं नाही." लीझेल अजून हसतच होती. "तुम्हाला वेळ दिली होती ना, म्हणून बसले."

"अगं बाई..." स्वरूपाच्या तोंडून मराठीच निघालं. तेवढ्यात लाइन तुटली. पडद्यावर आकडा आला, खाली शेरा. ताण : कमी.

तिने लगेच प्रकल्पप्रमुख केलरबाईंना फोन लावला. "हिची उत्तरं काढून टाकू या. आज पहाटे वडील गेलेत हिचे, ती खरी नाहीत."

"तिने दिलेली उत्तरं हीच आहेत," केलर म्हणाल्या. "हसून उत्तर देणाऱ्यांना काढलं, तर आपल्याकडे उरेल कोण? मलाही वाईट वाटतंय, स्वरूपा. पण आकडा राहील."

लीझेलने पुन्हा फोन उचलला नाही. तिने शिक्षण सोडलं, एवढंच कॉलेजकडून कळलं.

त्यानंतर ते गाणं स्वरूपाच्या घरात राहायला आलं. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना मध्येच तिचे हात थांबायचे.

"हृषिकेश, कोण गातंय रे?"

तो बाहेर आला, कान देऊन उभा राहिला. "कुणी नाही गं. फ्रिज घरघरतोय." त्याने फ्रिज बंद केला. घर चिडीचूप झालं. स्वरूपा अजून ऐकतेच आहे हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं, तसा त्याने फ्रिज पुन्हा सुरू केला.

साथ सरली. प्रकल्पाचा अहवाल आला, त्यातल्या सरासरीत लीझेलही कुठेतरी होती. स्वरूपाने तो वाचला आणि त्या रविवारी कुणाला न सांगता एस-बाहन ही लोकल गाडी पकडून ती स्टुटगार्टला गेली. तिथल्या एका चर्चमध्ये फिलिपिनो मंडळी जमतात, असं तिने ऐकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ती अशा ठिकाणी एकटी शिरली. गेलेल्यांसाठी लावायच्या मेणबत्त्यांपाशी एक वयस्क फिलिपिनो बाई उभी होती. तिने मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, "कुणासाठी?"

"एका मुलीच्या वडिलांसाठी."

"नाव?"

स्वरूपाने इतके महिने इतके प्रश्न विचारले, त्यात हा कधी नव्हताच.

"माहीत नाही."

बाईने एक मेणबत्ती स्वरूपाच्या हातात दिली. स्वरूपा ती पेटवू लागली, तेव्हा बाईने खालून आपल्या हाताचा आधार दिला आणि वात नीट पेटेपर्यंत तो तसाच ठेवला.